शिकारीच्या परवानगीची हद्द आणि फोनमधील नकाशा

भात, मका, भुईमूग किंवा हरभरा दाण्यावर आला की रानालगतच्या गावांत रानडुकरांचे कळप रात्री शेतांत उतरतात आणि जितके खातात त्याहून अधिक तुडवून जातात. ज्या शेतकऱ्याने हे सोसले आहे त्याला त्याचे वर्णन ऐकविण्याचे प्रयोजन नाही. येथे विचार करावयाचा आहे तो एका विशिष्ट प्रसंगाचा. शिकारीची रीतसर परवानगी मिळाली आहे, परवानाधारक बंदूकधारी उपलब्ध आहे, आणि अंधारात आपण नेमके कोठे उभे आहोत हे कळण्यासाठी फोनमधील नकाशाचा आधार घ्यावयाचा आहे. अशा वेळी कोणते ॲप निवडावे आणि त्यावर किती विसंबावे, हा प्रश्न गावपातळीवरील कार्यकर्त्यांना आता वारंवार विचारला जातो.

प्रथम कायदा पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. जे मोजके अपवाद आहेत त्यांपैकी एक कलम ११ मध्ये आहे. अनुसूची दोनमधील एखादा प्राणी मनुष्यास किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेस धोकादायक झाला असेल, तर अधिकृत अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने शिकारीस परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर आणि नीलगाय म्हणजे रोही हे या अनुसूचीत येतात. परंतु कळपाची शिकार करण्याची ही परवानगी विनिर्दिष्ट क्षेत्रापुरती असते, आणि येथेच नकाशाचा संबंध येतो. माणूस तोच, बंदूक तीच, डुक्करही तेच. पण जखमी जनावराच्या मागे नाला ओलांडून पलीकडच्या राखीव वनात गोळी झाडली, तर ते पीकसंरक्षण राहत नाही, तो गुन्हा ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हद्दीपलीकडे अभयारण्य असल्यास कारावास तीन वर्षांहून कमी नसतो व सात वर्षांपर्यंत जातो.

शिकाऱ्यांसाठी म्हणून खास तयार केलेली नकाशाची ॲप्स अमेरिकेत निघाली. त्यांपैकी ऑनएक्स हे मोन्टाना राज्यातील मिझूला येथे २००९ साली सुरू झाले. हंटस्टँड हे दुसरे. तेथील पश्चिमेकडील राज्यांत एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौरस मैल जमीन दिली गेली. त्यामुळे बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एक घर सरकारी व एक घर खासगी अशी मांडणी झाली. सरकारी जमिनीवर नियमानुसार शिकार करता येते, खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीविना नाही. म्हणून जमिनीची मालकी दाखविणारा नकाशा ही तेथील शिकाऱ्याची पहिली गरज झाली.

हा नकाशा किती दूर नेतो याचे उदाहरण वायोमिंग राज्यात घडले. २०२० व २०२१ साली मिसूरी राज्यातून आलेल्या शिकाऱ्यांनी अशा ॲपच्या साहाय्याने चार चौकटींचा सामाईक कोपरा शोधला आणि खासगी जमिनीला पाय न लावता एका सरकारी चौकटीतून दुसऱ्या सरकारी चौकटीत प्रवेश केला. २०२१ साली तर त्यांनी त्याकरिता घडीची शिडी नेली होती. जमीनमालकाने हरकत घेतली. एप्रिल २०२२ मध्ये ते फौजदारी खटल्यात निर्दोष ठरले. दिवाणी दाव्यातही अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला व ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. या दाव्यात एका शिकाऱ्याच्या ॲपमधील एक खूण खासगी जमिनीवर पडलेली आढळली आणि तिचा अर्थ काय घ्यावा, यावर वाद झाला. बोट लावून नकाशावर कोठेही खूण करता येते. तेवढ्यावरून माणूस तेथे उभा होता असे ठरत नाही. परंतु ती खूण न्यायालयापर्यंत पोहोचते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ही अमेरिकन ॲप्स महाराष्ट्रात घेऊ नयेत. त्यांचा मोल देण्याजोगा भाग म्हणजे मालकीचा थर, आणि तो आपल्या गटांचा नाही. वार्षिक वर्गणी भरून हाती काय लागेल, तर उपग्रहाने घेतलेले चित्र. ते फुकट मिळते.

येथील निवड करताना पहिली कसोटी अशी की, नेटवर्क गेल्यावर ॲप चालते काय. फोनला स्थान कळते ते उपग्रहांच्या संकेतांवरून. त्याला मोबाइलचा मनोरा लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशाचे चित्र आणण्यासाठी. हा भेद पुष्कळांना ठाऊक नसल्याने खोऱ्यात उतरताच पडदा कोरा झाला म्हणजे जीपीएस बंद पडले, असा समज होतो. याची परीक्षा घरीच करावी. गावाचा नकाशा आधी उतरवून घ्यावा, फोन विमान-स्थितीत टाकावा, अंगणात यावे आणि ॲप उघडावे. नकाशा दिसला आणि त्यावरील निळा ठिपका आपल्याबरोबर सरकला तर ते ॲप उपयोगाचे. नेटवर्कविना ठिपका उमटण्यास वेळ लागतो, कारण प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती तीस-तीस सेकंदांच्या फेऱ्यांत पाठवितो व ती फोनला खंड न पडता ऐकावी लागते. म्हणून झाडीत शिरण्यापूर्वी उघड्या आकाशाखाली काही मिनिटे थांबावे.

या कसोटीस गूगल मॅप्स अर्धेच उतरते. नेटवर्कविना त्यात रस्ते दिसतात, उपग्रह-चित्र दिसत नाही, व उतरविलेल्या नकाशाचे नूतनीकरण ठरावीक मुदतीत करावे लागते. गाव गाठण्यासाठी ते उत्तम. बांध गाठण्यासाठी नव्हे. ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप मोफत व जाहिरातविरहित असून नकाशा फोनमध्ये साठविते आणि चढउताराच्या समोच्च रेषाही दाखविते. बहुसंख्य शेतकऱ्यांना ते पुरेसे आहे. ओस्मअँडमध्ये सोयी अधिक आहेत. परंतु ते शिकण्यास वेळ लागतो आणि मोफत आवृत्तीत उतरविता येणाऱ्या नकाशांच्या संख्येस मर्यादा आहे. जो कार्यकर्ता अनेक गावांत फिरतो त्याने ते शिकून घ्यावे.

आता चुकीचा हिशोब. उघड्या आकाशाखाली साधा फोन सुमारे पाच मीटरपर्यंत चुकतो. दाट साग-बांबूत किंवा कड्याच्या पायथ्याशी त्याहून अधिक. हे गुंठ्यांत मोजले तर लवकर समजते. एक गुंठा म्हणजे तेहतीस फुटांचा चौरस, अर्थात दहा मीटर बाजूचा. पाच मीटरची चूक असता शेतकरी पाऊण गुंठ्याच्या वर्तुळात कोठेतरी उभा असतो. चूक दहा मीटर झाली की ते वर्तुळ तीन गुंठ्यांचे होते. चूक दुप्पट, क्षेत्र चौपट. जे ॲप ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ काढून ही चूक दाखविते तेच निवडावे. सुबक बाण दाखवून चूक लपविणारे ॲप दिसण्यास चांगले व वापरण्यास घातक होय.

आणि ही झाली केवळ फोनची चूक. ज्या रेषेशी ठिपका ताडून पाहावयाचा तीही निर्दोष नसते. महाभूनकाशावर गटाचा आकार व शेजारचे गट पाहता येतात, आणि तेवढ्यापुरता त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु जुने गावनकाशे उपग्रह-चित्रावर बसविताना सरकलेले असू शकतात. खरी हद्द भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीने ठरते, आणि वनाची हद्द वन विभागाच्या अभिलेखाने व जागेवरील बुरुजांनी.

यावर मार्ग एकच, आणि त्याला दिवसाउजेडी दोन तास पुरतात. परवानगीचा कागद हाती घेऊन त्यातील गट क्रमांक वाचावेत. वनरक्षकास बरोबर घ्यावे. ॲपमधील मार्ग-नोंद सुरू करून बुरुजाबुरुजाने व बांधाने हद्द चालून यावी. प्रत्येक बुरुजाशी मिनिटभर थांबून खूण करावी. घरी आल्यावर ही रेषा ठळक रंगाने साठवून ठेवावी. रात्री पाहावयाची ती ही स्वतः चाललेली रेषा. कोणी दिलेली नव्हे. शिवाय तिच्या आत वीस पावलांचा पट्टा सोडून द्यावा आणि त्या पट्ट्यात बंदूक उचलू नये. मार्ग-नोंद करताना फोन बॅटरी वाचविण्यासाठी ॲप गुपचूप बंद करतो, ही नेहमीची अडचण आहे. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरती ती बचत बंद करावी, नाही तर अर्धी हद्द चालल्यावर नोंद तीन बुरुजांपूर्वीच थांबल्याचे आढळते.

स्थान तोंडी कळविताना अंश व दशांश यांचा घोटाळा होतो. १९.५ अंश म्हणजे १९ अंश ३० कला. १९ अंश ५० कला नव्हे. एवढ्या चुकीने मदतीची गाडी सुमारे सदतीस किलोमीटर दूर जाते.

सोबत्यांचे ठिकाण मात्र फोनवर सोपवू नये. थेट स्थान कळविण्याची सोय नेटवर्कवर चालते आणि रानात ती जुना ठिपका दाखवीत राहते. २०२५ च्या प्रारंभी पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीस बेकायदा गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने डुक्कर समजून झाडलेली गोळी सोबत्यासच लागली व तो मृत्यू पावला. कोण कोठे बसणार हे उजेडात ठरवावे, जागा दाखवून द्यावी, आणि ठरलेली हाक आल्याविना कोणीही जागा सोडू नये. नकाशावरील हिरवे ठिपके पाहून गोळी झाडणारा शिकारी हा बंदुकीहून अधिक भयंकर आहे.

जनावर पडल्यावर त्या जागेची खूण ॲपमध्ये करावी, फोटो घ्यावा आणि वन अधिकाऱ्यास तत्काळ कळवावे. कलम ३९ अन्वये असे जनावर राज्य शासनाची मालमत्ता असते. ते उचलू नये, कापू नये, मांस वाटू नये. जखमी जनावर वीस पावलांच्या पट्ट्याकडे निघाले तर तेथेच थांबावे, ते ज्या दिशेने गेले ती नोंदवावी आणि वनरक्षकास कळवून त्याची वाट पाहावी. त्या रात्रीची मार्ग-नोंद पुसून न टाकता तिची एक प्रत परवानगीच्या कागदासोबत जपून ठेवावी.