अतिदक्षता विभागातून घरी आल्यानंतर



शिरूर व दौंड ही गावे पुण्यापासून सुमारे ७० ते ८० किलोमीटरवर आहेत. आपल्याकडील अत्यवस्थ रुग्णाला बहुधा पुण्यालाच न्यावे लागते. तो वाचून परतला की आपण भेटून येतो, आनंद व्यक्त करतो आणि पंधरा दिवसांत विसरून जातो. उपचाराचा दुसरा भाग मात्र तेव्हाच सुरू झालेला असतो.

१९५२ साली कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. त्या अनुभवातून अतिदक्षता विभाग उभे राहिले. माणसे वाचू लागली. पण वाचलेल्यांच्या पुढील त्रासाला वैद्यकशास्त्राने स्वतंत्र नाव दिले ते २०१२ साली. त्यात तीन गोष्टी येतात : शरीराची अशक्तता, स्मरण व एकाग्रता कमी होणे, भीती, उदासी व झोप न लागणे.

अंथरुणावर पडून स्नायू झपाट्याने झिजतात. तीव्र आजारात व गुंगीत झालेले भास घरीही स्वप्नात येतात. अशा वेळी ‘काम टाळतो’ किंवा ‘बाहेरची बाधा आहे’ म्हणणे हा रुग्णावर अन्याय आहे. अंगारे-धुपारे न करता डॉक्टरांना दाखवावे. मनाच्या त्रासासाठी शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

घरच्यांनी एवढे करावे :

१) डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.
२) घशात नळी होती त्याला ताठ बसवून थोडे थोडे भरवावे. ठसका लागत असल्यास डॉक्टरांना सांगावे.
३) डाळ, अंडी, दूध द्यावे, मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी विचारावे.
४) डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालवावे.
५) धाप, ताप किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास थांबू नये, प्रकृती गंभीर वाटल्यास १०८ ला फोन करावा.

विनयपिटकात अतिसाराने आजारी असलेल्या भिक्खूची कथा आहे. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः स्वच्छ केले. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की उपयोगाचा हाच हिशेब आजही घराघरांत मांडला जातो. तो आपण मांडू नये. फेरतपासणीच्या दिवशी पुण्याला सोबत जावे, एखादी रात्र रुग्णाजवळ बसावे. त्या रात्री त्याची सेवा करणाऱ्या आईला किंवा पत्नीला झोप मिळेल. तिचीही शक्ती संपत आलेली असते.