सरड्याचे घर

आमच्या चाकणला कारखाने झाले, तरी शाळेच्या कुंपणावर सरडे दिसतात. मी एक पकडून खोक्यात ठेवला. दोन दिवस त्याने काहीच खाल्लं नाही. मला वाईट वाटलं. गुरुजींना विचारलं.

ते म्हणाले, "सरडा उन्हात बसून अंग तापवतो, तापलं की सावलीत जातो. खोक्यात ऊन कुठलं? ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा लोक काचपेटीत पाळतात. पेटीत एका बाजूला दिव्याची ऊब, खाली वाळूमिश्रित माती, झाड, पालापाचोळा ठेवतात. पाल्यातले बारीक किडे त्याची घाण खातात. तिचं खत होऊन झाड वाढतं."

आपल्या कुंपणाखाली माती, पाला, गांडुळं, मुंग्या सगळं आहे. मी सरडा तिथेच सोडला. पावसाळ्यात मादी त्याच मातीत अंडी घालते. मित्रांनो, तिथला पाला जाळू नका.

— इयत्ता ४ थी