शेवटच्या फेरीआधीचा सिनेमा

दाभोळात थिएटर नाही. सिनेमा बघायचा तर फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपावे, तिथून पुढे चिपळूण. परतताना शेवटची फेरी चुकली की सगळा वळसा रस्त्याने. एवढ्या खटाटोपातून जे उमगलं ते असं.

१. दुपारचाच खेळ धरावा. 'छावा'ला (फेब्रुवारी २०२५) आम्ही संध्याकाळी गेलो. संगमेश्वरची लढाई सुरू झाली आणि माझा एक डोळा घड्याळावर. विकी कौशलने जीव ओतलाय, पण लक्षात राहिला अक्षय खन्नाचा औरंगजेब. बाकीचे ओरडत असताना तो हळू बोलतो.

२. पावसावरून सिनेमा ओळखावा. टँकरचा पाऊस सरळ पडतो आणि मागच्या भिंतीवर लख्ख ऊन असतं. आमचा पाऊस खाडीवरून तिरका येतो. आधी समोरचा डोंगर पुसतो, मग बोट, मग तुमची छत्री उलटी करतो. 'तुंबाड' २०१८चा, मी बघितला तो सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा. कित्येक पावसाळे थांबून केलेलं चित्रीकरण, आणि ते कळतं. माणसं नुसती भिजलेली नाहीत, दमटलेली आहेत. वाड्याच्या भिंतीचा कुबट वास खुर्चीपर्यंत येतो. तुंबाड गाव शेजारच्या खेड तालुक्यातलं. तिथल्या जगबुडीचं पाणी वाशिष्ठीला मिळून आमच्याच खाडीतून समुद्राला जातं. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'शी सिनेमाचं नातं नावापुरतंच, हे शेजारच्या काकांना मध्यंतरात समजावता समजावता माझा वडा गार झाला. काकांना पटलं नाही ते नाहीच.

३. कोकण म्हणजे मालवणी, असं समजणाऱ्यांशी वाद घालू नये. 'दशावतार' (सप्टेंबर २०२५) बघून मुंबईच्या पाव्हण्यांचा फोन, "तुमच्याकडचाच की हो सिनेमा!" अहो, दशावतार तळकोकणातला. आमच्याकडे नमन-खेळे आणि जाखडी. पण ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर तोंडाला रंग लावतात तेव्हा हा भेद मीही विसरलो. उत्तरार्धात सूडाची गाडी सुटते तिथे मात्र मन मागेच राहिलं, पूर्वार्धातल्या बाप-लेकापाशी. हिचा प्रश्न बोटीवर आला, "नमनावर कधी काढणार कोण?"

४. लहान सिनेमाची वाट बघत बसू नये, आपणच जावं. 'साबर बोंडं' सनडान्स महोत्सवातून बक्षीस घेऊन आला, आमच्या बाजूला फिरकला नाही. डोंबिवलीला भाचीकडे गेलो तेव्हा बघितला. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. बाप गेलेल्या घरात माणसं कशी बसून असतात, तेवढंच दहा दिवस. मागचा एकजण घोरत होता. तेही चाललं.

५. बायको "येताय का?" म्हणाली तर जावं. 'बाईपण भारी देवा'ला (जून २०२३) मी म्हटलं, "तुम्हीच जा." वाडीतल्या सातजणी गेल्या, रात्री धक्क्यावर उतरल्या त्या एकमेकींना टाळ्या देतच. काय झालं विचारलं, तर मंगळागौर होऊन गेली तरी कोणी सांगेना.