चौकटीसाठी पट्टी

तुमच्या घरी भिंतीवर एखादा जुना फोटो, सुलेखन किंवा तुम्हीच काढलेले चित्र असेल. त्याभोवती चौकट असते. उर्दूत 'चौखट' दाराची असते. मराठीत चौकट दाराला असते, तशी चित्रालाही असते.

मी नवी मुंबईत तळवली येथे राहतो. चौकटी बनवणे हा माझा छंद आहे. त्याची सुरुवात मात्र एका चुकीने झाली.

आमच्या घरी आजोबांचा एकच फोटो होता. मी माप न घेताच दुकानात गेलो आणि आवडलेली पट्टी अंदाजाने आणली. ती दोन बोटे कमी पडली. पुन्हा गेलो, तर त्या नक्षीची पट्टी संपली होती! मग कशीबशी दुसरी पट्टी जोडली आणि फोटो थेट काचेला टेकवून बसवला. पावसाळ्यात ओल शिरली व फोटो काचेला चिकटला. सोडवताना आजोबांच्या टोपीचा भाग काचेलाच राहिला.

तेव्हापासून मी आधी वही उघडतो. तुम्हीही हिशोब करून पाहा. चित्र ८ इंच रुंद व १० इंच उंच आहे. चारही बाजूंची बेरीज ३६ इंच झाली. चौकटीचे कोपरे ४५ अंशांत तिरपे कापतात, म्हणून पट्टीच्या रुंदीची आठपट त्यात मिळवा. पट्टी १ इंच रुंद असेल, तर ३६ आणि ८ मिळून ४४ इंच. करवतीत थोडे लाकूड जाते, म्हणून आणखी ४ इंच. म्हणजे ४ फूट पट्टी हवी.

आता पट्टी कोठे मिळेल? घाऊक व्यापारी सहसा पूर्ण लांबीच्या पट्ट्या विकतात. आपल्याला एवढी नको असते. म्हणून जवळच्या फ्रेमवाल्या काकांकडे जा आणि नम्रपणे विचारा, "काका, उरलेले तुकडे आहेत का?" त्यांच्याकडे लहान चौकटीपुरते तुकडे बऱ्याचदा पडून असतात. पट्टी घेताना ती डोळ्यासमोर आडवी धरून वाकडी नाही ना, ते पाहा. तिच्या आतल्या कडेला खाच असते. काच, चित्र आणि मागचा पुठ्ठा तिच्यात मावले पाहिजेत.

चौकटीचे काम लहान समजू नका. केकू गांधी यांनी १९४१ साली मुंबईत 'केमोल्ड' नावाने चौकटींचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरील दुकानात चौकटींबरोबर तरुण चित्रकारांची चित्रेही मांडली जात. मकबूल फिदा हुसेन हे त्यांपैकीच एक. पुढे १९६३ साली केकू आणि त्यांच्या पत्नी खोरशेद यांनी जहांगीर कलादालनाच्या इमारतीत केमोल्ड गॅलरी सुरू केली. चौकटीच्या दुकानातून चित्रांचे दालन उभे राहिले!

एक गोष्ट विसरू नका. चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड कागदाची खिडकी ठेवा. तिला माउंट म्हणतात. माउंटमुळे चित्र काचेला चिकटत नाही. माउंट लावणार असाल, तर चित्राचे नव्हे, माउंटचे माप घ्या. करवत आणि काच हाताळताना मोठ्यांना सोबत घ्या.

आजोबांचा फोटो आजही आमच्या भिंतीवर आहे. त्याची चौकट आता नीट जुळली आहे. टोपीची जागा मात्र कोरीच आहे.

शब्दार्थ
सुलेखन – सुंदर अक्षरांतील लेखन
ओल – दमटपणा
घाऊक – ठोक, मोठ्या प्रमाणावरील
खाच – कडेला कोरलेली खोलगट जागा

स्वाध्याय
१. लेखकाच्या आजोबांचा फोटो कशामुळे खराब झाला?
२. ६ इंच रुंद व ८ इंच उंच चित्राला १ इंच रुंदीची पट्टी किती लागेल? हिशोब मांडा.
३. फ्रेमवाले काका आणि तुम्ही यांच्यातील संवाद पाच-सहा वाक्यांत लिहा.