जमिनीवरची आणि खोडावरची

आजचा पाठ : मनुस्मृती, अध्याय ६, श्लोक १४

वानप्रस्थाने काय खाऊ नये ते या श्लोकात सांगितलं आहे. मध आणि मांस यांच्यासोबत तिथे ‘कवक’ येतं, म्हणजे आपली अळंबी. त्याच्या शेजारीच ‘भौम’ असा शब्द आहे, भूमीवर उगवणारं. वाचताना आपण यावरून सहज पुढे जातो. पण पालीसारख्या कोकणातल्या गावात हा एक शब्द पावसाळ्यात घराघरात वाद लावू शकतो. कारण आपल्याकडे अळंबी दोन ठिकाणी येते. एक जमिनीतून, वारुळाच्या आसपास. दुसरी वठलेल्या आंब्याच्या नाहीतर अशाच झाडाच्या खोडावर, शिंपल्यांसारखी एकावर एक. ही धिंगरीच्या कुळातली. मग खोडावरची चालते का?

टीकाकारांनीही याचा विचार केला आहे. कुल्लूकभट्टांनी यमाचं वचन पुढे ठेवलं: जमिनीवरची असो की झाडावरची, दोन्ही वर्ज्य. शिवाय पाचव्या अध्यायातल्या पाचव्या श्लोकात लसूण-कांद्याच्या रांगेत कवक आहेच, आणि तिथे ‘भौम’ वगैरे काही म्हटलेलं नाही. तेव्हा पळवाट शोधणाऱ्याला इथे दार नाही. मात्र हा निषेध कोणासाठी आहे तेही वाचा. पाचव्या अध्यायातला द्विजांसाठी, सहाव्यातला घर सोडून वनात गेलेल्यासाठी. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खोबऱ्याच्या वाटणातली अळंबी शिजते, त्यांना या श्लोकाचा धाक घालायचं कारण नाही. (कांदा-लसूण रोज खाणाऱ्याने तर नाहीच नाही.)

आता दुसरा ग्रंथ उघडू. सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायात, अळंबीकडे वैद्याच्या नजरेने पाहिलं आहे. तिथे प्रकार पाडले आहेत ते ती कशावर उगवली यावरून: पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि जमीन. पेंढ्यावरची गोड, रूक्ष आणि दोष शमवणारी. वेळूवरची वात वाढवणारी. वठलेलं लाकूड या पाचांत नाही. पण विचाराची दिशा पाहा: अळंबीचा गुण तिच्या आधारावर ठरतो.

हे मला फार नेमकं वाटतं. अळंबीला हिरवं पान नाही, उन्हापासून अन्न करणं तिला जमत नाही. ती जे खाते त्यावरच उभी राहते. खोडावरच्या धिंगरीचे तंतू लाकडातलं लिग्निन फोडतात, जे बहुतेक जिवांना पचतच नाही. खोड आतून पांढरट आणि मऊ होत जातं. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे फक्त फळ; झाड म्हणावं ते सगळं लाकडाच्या आत. पण लाकडात नत्र फार थोडं. ते भागवायची तिची युक्ती १९८४ साली थॉर्न आणि बॅरन या संशोधकांनी दाखवली: तिचे तंतू विषाच्या थेंबाने बारीक सूत्रकृमींना लुळं करतात आणि मग त्यांना आतून पचवतात! अळंबी शाकाहारी की मांसाहारी, यावर जेवताना भांडणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं.

हीच धिंगरी आज भाताच्या पेंढ्यावर पिकवतात. पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून, थराथरात बियाणं घालून पिशव्या भरायच्या. तीन-चार आठवड्यांत पहिली काढणी मिळते. सुश्रुताची पेंढ्यावरची अळंबी ती हीच, असं मात्र म्हणता येणार नाही.

आणि आधारावरून गुण ठरतो म्हणून कोणी उलटा अर्थ काढू नये. ‘लाकडावरची विषारी नसते’ असं सर्रास म्हणतात. ते खोटं आहे. कुजक्या लाकडावर उगवणारी गॅलेरिना नावाची अळंबी प्राणघातक आहे. अशा विषाचा त्रास लगेच होत नाही. सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा उलट्या-जुलाब सुरू होतात, मध्ये बरं वाटतं आणि तोवर यकृत गेलेलं असतं. चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण रंगणं, किड्याने खाल्लेली असणं, यातल्या कशानेही विष कळत नाही. वर्षानुवर्षं तीच अळंबी त्याच प्रकारच्या झाडावरून काढणाऱ्या माणसाने हातात घेऊन ओळखली तरच चुलीवर ठेवावी. आणि ओळखीची असली तरी एक अख्खी अळंबी, देठाच्या बुडासकट, न शिजवता कागदात गुंडाळून ठेवावी. पोट बिघडलंच तर ती डॉक्टरांना दाखवता येते.