दहाव्या वर्षी वरचे सुळे तपासून घ्या

इंग्लंडमध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबे जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव लगेच नोंदवतात; दातांच्या डॉक्टरची आठवण दाढ ठणकल्यावर होते. इथे मुरलेल्या कुटुंबांचा सल्ला उलटा आहे: मूल नऊ-दहा वर्षांचे असेल तर आल्या आल्या दंतवैद्य गाठा आणि वरचे सुळे तपासून घ्या. काही दुखत नसताना घाई कशाला, असे कुणालाही वाटेल. पण वाट चुकलेला सुळा सहसा दुखतच नाही, म्हणून तर तो शोधावा लागतो.

वरचा कायमचा सुळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. तो जबड्यात फार वर तयार होतो, त्यामुळे त्याला बरेच अंतर उतरावे लागते. शंभरातल्या सुमारे दोघांचा सुळा त्यात भरकटतो, बहुधा टाळूकडे. म्हणून दहाव्या वर्षाच्या आसपास दंतवैद्य दुधाच्या सुळ्यावरच्या हिरडीवर बाहेरून बोट फिरवून पाहतात. फुगवटा हाताला लागला नाही, किंवा एकाच बाजूला लागला, तर एक्स-रेचा विचार होतो. भरकटलेला सुळा शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ झिजवू शकतो आणि बाहेरून दात मात्र ओळीत दिसत राहतात. वेळेत कळले तर कधी कधी दुधाचा सुळा काढणे एवढ्यावर भागते. स्वीडनच्या एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ साली टाळूकडे वळलेल्या ४६ सुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुधाचा सुळा काढल्यावर त्यांतले ३६ मार्गी लागले. तुलनेसाठी दात न काढलेला गट त्यात नव्हता, तेव्हा आकडा जरा बेतानेच घ्यावा. पण पुढच्या तुलनात्मक अभ्यासांचा कलही त्याच बाजूला आहे. ‘दुधाचा दात आपोआप पडेलच की’ हा आक्षेप इथे टिकत नाही: वरून त्याचे मूळ झिजवणारा कायमचा दातच जागेवर नसतो, मग तो पडणार कसा? उशीर झाला तर शस्त्रक्रियेने सुळा उघडा करून, बारीक साखळी चिकटवून, तारेने महिनोन्महिने ओढावा लागतो.

खर्चाचा हिशेबही वेळेशीच बांधलेला आहे. एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा अठरा वर्षांखालील मुलांना तारा मोफत लावते, पण सरसकट नाही. गरजेच्या पाच श्रेणी आहेत. चौथी आणि पाचवी पात्र, तिसरी फक्त दात दिसायलाही पुरेसे वाईट असतील तर. अडकलेला सुळा थेट पाचवीत जातो, तर फोटोत खुपणारे किंचित वाकडे दात दुसरीतच राहतात. तारांच्या तज्ज्ञाकडे पाठवणी तुमचा दंतवैद्य करतो आणि प्रतीक्षायादी लांब असू शकते. दंतवैद्य निवडताना पत्त्याच्या हद्दीचे बंधन नसते. जवळच्याने नवे पेशंट घेणे थांबवले असेल तर पलीकडच्या गावात विचारा.

‘सुट्टीत पुण्याला जाऊन स्वस्तात करू’ हा विचार तपासणीपुरता ठीक आहे. तारा मात्र दर सहा-आठ आठवड्यांनी बघाव्या लागतात आणि उपचार सहसा दीड-दोन वर्षे चालतो. वर्षातून एका फेरीत तो बसत नाही. भारतातच तारा लागलेल्या असतील तर निघण्यापूर्वी एक्स-रे, दातांचे साचे, फोटो आणि डॉक्टरांचे सविस्तर पत्र घ्या. तरीही एनएचएस तो उपचार पुढे चालवेलच असे नाही. खाजगीत किती पडेल, ते विमान धरण्याआधी विचारून ठेवा.