झाडीच्या मुलखात

महाराष्ट्राचे नाव घेतले, की सह्याद्रीचे कडे आणि कोकणचा किनारा आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण आपल्या राज्याची पूर्व सीमा जेथे छत्तीसगड व तेलंगण यांना भिडते, तेथेही एक हिरवागार मुलूख आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे ते दोन जिल्हे होत. पूर्वी दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या भागात झाडी इतकी दाट, की लोक त्याला 'झाडीपट्टी' म्हणूनच ओळखतात. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक हा मुलूख पाहण्यास निघालो. आमच्या मनात एकच इच्छा होती: वाघ पाहायचा!

चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. त्यांनी बांधलेला परकोट आजही शहराला वेढून उभा आहे. जटपुरा दरवाजातून आत शिरताना त्या उंच दगडी कमानीकडे पाहून मान आपोआप वर होते. राणी हिराईने आपला पती बीरशहा याच्यासाठी बांधलेली समाधीही आम्ही पाहिली. येथल्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके या तरुण गोंड वीराला इंग्रजांनी फाशी दिले. त्याच्या स्मृतीला वंदन करून आम्ही ताडोब्याची वाट धरली.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली स्थापन झाले, आणि १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. पहाटेच्या गारठ्यात उघड्या मोटारीतून आम्ही वनात शिरलो. दोन्ही बाजूंस सागाचे सोट उभे होते आणि त्यांच्यामधून बांबूची बेटे झुकली होती. मध्येच ऐन, धावडा, मोह, तेंदू अशी झाडे आमचा वाटाड्या बोटाने दाखवी. चितळांचा कळप कान टवकारून उभा राही आणि क्षणात दिसेनासा होई. तळ्याच्या काठी एक मगर ओंडक्यासारखी निश्चल पडली होती. वाघ मात्र दिसला नाही. ओल्या मातीत उमटलेली त्याची पावले तेवढी दिसली.

तळ्याच्या काठी, एका मोठ्या वृक्षाखाली तारूचे ठाणे आहे. तारू हा एका गावचा प्रमुख होता. तो वाघाशी झुंजताना मरण पावला, आणि पुढे आदिवासी लोक त्याला देव मानून पुजू लागले, अशी कथा सांगतात. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडले. ही कथा ऐकून आमच्यापैकी एकजण म्हणाले, "म्हणजे ही फार जुनी गोष्ट झाली!"

वाटाड्या गंभीर झाला. तो म्हणाला, "जुनी नाही, गुरुजी. चैत्रात मोहाची फुले गळतात. ती वेचायला आमच्या आयाबहिणी पहाटेच रानात जातात. वाकलेले माणूस वाघाला सावजासारखे भासते, असे जाणते लोक सांगतात. दरवर्षी या जिल्ह्यात माणसे दगावतात. तुम्ही वाघ पाहायला येता. आम्ही वाघाच्या शेजारी राहतो."

कोणी काही बोलले नाही. वाघ वाचला पाहिजे, असे आपण सारे म्हणतो. पण त्याचे मोल कोण देतो, हा विचार त्या पहाटेपर्यंत आमच्या मनात आला नव्हता.

तेथून आम्ही पूर्वेकडे वळलो. धानाच्या कापणीचे दिवस होते. पिवळ्या बांध्यांतून विळे चमकत होते आणि गावोगावचे तलाव काठोकाठ भरलेले होते. दिवाळीनंतर या भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसभर राबलेली माणसे रात्रभर मंडपात बसून झाडीपट्टीची नाटके पाहतात. मार्कंडा येथे वैनगंगेने काही अंतर उत्तरेकडे वळण घेतले आहे. त्या वळणावर कोरीव शिल्पांनी नटलेली प्राचीन देवळे उभी आहेत. नदीचे स्नान आणि देवदर्शन उरकून आम्ही गडचिरोलीस पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याच्या रस्त्याने मेंढा (लेखा) या गावी गेलो. गाव लहान, घरे कौलारू, अंगणे स्वच्छ सारवलेली. "जोहार!" म्हणून गोंड मंडळींनी आमचे स्वागत केले. या गावाची एक घोषणा साऱ्या देशात प्रसिद्ध आहे: "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." तिचा अर्थ गावात बसूनच समजला.

आपल्या वर्गात सहलीचे ठिकाण ठरवायचे असले, की आपण हात वर करतो. ज्या बाजूला हात अधिक, ती बाजू जिंकते, उरलेले हिरमुसतात. मेंढ्यात तसे चालत नाही. ग्रामसभेत सर्वांची संमती मिळाली, तरच निर्णय होतो. एकाचाही विरोध असला, तर त्याचे म्हणणे ऐकून घेतात आणि पुन्हा बसतात. यास वेळ लागतो. पण एकदा ठरलेले कोणी मोडत नाही, कारण ते प्रत्येकाने स्वतः ठरवलेले असते.

वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. त्यानुसार २००९ साली मेंढ्याच्या ग्रामसभेला आपल्या परिसरातील सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. बांबू विकून आलेला पैसा ग्रामसभेचा होतो. पण हक्क मिळाला म्हणून कोणी मनमानी तोड करीत नाही. त्या वर्षी फुटलेल्या कोवळ्या बांबूला विळा लावायचा नाही, बेटातले काही जुने बांबू आधाराला ठेवायचे, असे तोडीचे नियम असतात. मध काढतानाही पोळे जाळीत नाहीत. मधाचा भाग तेवढा कापून घेतात, म्हणजे माश्या वाचतात.

एका वृद्धाला मी विचारले, "आजोबा, आता हे रान तुमचे झाले. आनंद वाटत असेल?"

ते हसून म्हणाले, "आनंद आहेच, गुरुजी. पण काम वाढले! फार पूर्वी कोणी झाड तोडले, तर लोक म्हणत, 'सरकारचे गेले.' आता तसे म्हणता येत नाही."

हे साधे बोल ऐकून मला ताडोब्याच्या वाटाड्याची आठवण झाली. तो जी किंमत सांगत होता, ती देणाऱ्या माणसांना रानाच्या कारभारात वाटा असला पाहिजे, हे मला येथे पटले.

दक्षिणेकडे जावे, तसतसे वन अधिक दाट होत गेले. गडचिरोली जिल्ह्याचा अर्ध्याहून कितीतरी अधिक भाग वनाने व्यापलेला आहे. आलापल्लीजवळ 'वनवैभव' नावाचा सुमारे ६ हेक्टरांचा तुकडा आहे. इमारतींसाठी व रेल्वेसाठी चहूकडचा साग तोडला गेला. हा तुकडा मात्र निसर्गाच्या हाती सोडून दिला. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. येथला एक साग कवेत घेण्यास आम्हांला एकमेकांचे हात धरावे लागले. एके काळी सारे रान असे असेल, हे मनात येऊन आम्ही क्षणभर स्तब्ध झालो.

पुढे भामरागडच्या डोंगरांत माडिया लोकांची वस्ती आहे. तेथे पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीस मिळतात. पावसाळ्यात पूर आला, की या भागाचा जगाशी संबंध अनेकदा तुटलेला आहे. अनेक वर्षे वृत्तपत्रांत या मुलखाचे नाव येई ते हिंसाचाराच्या बातम्यांतच. जवळच्या हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना आणि शाळा उभी करून या लोकांची सेवा केली.

प्रवासाचे शेवटचे ठिकाण सिरोंचा. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता नदी गावाजवळून वाहते आणि पुढे गोदावरीस मिळते. पलीकडचा काठ तेलंगणाचा. अलीकडच्या बाजारातही मराठीइतकीच तेलुगू कानी पडते. या परिसरात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची दगड झालेली खोडे आणि डायनोसॉरांची हाडे सापडली आहेत. म्हणजे माणूस येण्याच्या फार आधीही येथे रान होतेच! सूर्यास्ताच्या वेळी आम्ही प्राणहितेच्या वाळूत बसलो. मार्कंड्याला ज्या पाण्यात स्नान केले, तेच पाणी येथे गोदावरीकडे निघाले होते.

शाळा सुरू झाली. मुलांनी पहिलाच प्रश्न केला, "गुरुजी, वाघ दिसला का?"

"नाही," मी म्हणालो. "वाघाची पावले दिसली. पण त्याच्या शेजारी राहून रान राखणारी माणसे भेटली. त्यांचीच गोष्ट आज सांगतो."

शब्दार्थ

परकोट – शहराभोवतीची तटबंदी. सोट – सरळ व उंच खोड. ठाणे – देवाचे स्थान. सावज – शिकार होणारा प्राणी. बांधी – बांध घातलेले धानाचे शेत. बेट – बांबूंचा एकत्र वाढलेला समूह.

स्वाध्याय

१. वाटाड्याचे बोलणे ऐकून सर्वजण गप्प का झाले?
२. मेंढ्याच्या ग्रामसभेतील निर्णयाची पद्धत आणि हात वर करून निर्णय घेण्याची पद्धत यांत कोणता फरक आहे? तुम्हांला कोणती पटते? का?
३. 'आता तसे म्हणता येत नाही,' असे वृद्ध का म्हणाले?
४. कान टवकारणे, हिरमुसणे, स्तब्ध होणे – यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावातील एखादे झाड, तळे किंवा टेकडी कोण राखते, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा आणि दहा ओळी लिहा.